आत्याची चाल

४ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस, असं तू पुन्हा विचारलं आहेस. फोनवर समोरचा माणूस बोलायचा थांबला आहे की नुसता श्वास घेतो आहे, हे मला कळत नाही. पत्रात ते कळतं. संपतं तिथून पुढे कागद कोरा असतो.

नोकरी चालू आहे. तळघरातल्या टेबलावर मी चष्म्याच्या काचा तपासतो. नंबर बरोबर आहे का, चरा कुठे आहे का, एवढंच बघायचं. त्यात माझी चूक होत नाही. चूक होते ती काचांचा ट्रे या टेबलावरून त्या टेबलावर नेताना. मागच्या महिन्यात ट्रे पुन्हा हातातून सुटला. मालक म्हणाले, "तुझे हात आहेत की लोण्याचे गोळे?" हात आहेत, असं मी सांगितलं.

विद्यापीठात एक संशोधक बाई आहेत. मोठ्या माणसांतली स्वमग्नतेची लक्षणं आणि त्यांच्या हातापायांच्या हालचाली यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते त्या तपासतात. मी नाव दिलं आहे. लहानपणी सगळे मला धांदरट म्हणायचे, पण कोणी तपासून बघितलं नव्हतं.

आणखी एक. माझ्या टेबलासमोरची खिडकी रस्त्याच्या पातळीवर आहे, हे तुला माहीत आहे. तिच्यातून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात. मंगळवारी दुपारी आत्या खिडकीवरून गेली. चवड्यांवर, टाच न टेकवता. फरशी संपून रस्ता लागतो तिथे तिने दोन्ही पाय जुळवले, जरा थांबली आणि मग खाली उतरली. आत्या वारली आहे, हे मला ठाऊक आहे. दिसलं ते सांगतो आहे, एवढंच.

तुझा
धडपड्या


९ मार्च

प्रिय धडपड्या,

तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण "आत्या" हा शब्द मात्र नीट वाचता आला. तो वाचला आणि हातातला चहा गार होऊन गेला.

अरे, आत्याला जाऊन किती वर्षं झाली. तू तेव्हा शाळेत होतास, मी कॉलेजात. बाबांची धाकटी बहीण, आपल्याच घरात राहायची. सारखं काही ना काही सांडायची, दारात अडखळायची, आणि पाहुणे आले की आई तिला आतल्या खोलीत बसवायची. शेवटी तिला संस्थेत ठेवलं आणि ती तिथेच गेली. तिला नेलं त्या दिवशी गाडीत चढायच्या आधी ती पाय जुळवून उभी राहिली होती, ते मला अजून दिसतं. म्हणून म्हणते, असलं काही लिहीत जाऊ नकोस.

मालकांजवळ यातलं अवाक्षर काढू नकोस. घरमालकिणीजवळही नाही. तू जिन्यात भिंतीला हात लावून उभा राहतोस, एवढ्यावरूनच त्यांच्या भुवया चढलेल्या असतात. लोकांना राईचा पर्वत करायला वेळ लागत नाही.

तुझ्यासाठी एक जागा बघून ठेवली आहे. स्वतःची खोली, बाग, वेळेवर जेवण. आत्याला ठेवलं होतं तीच संस्था, पण आता पार बदलली आहे म्हणतात. तुझ्या भावोजींच्या ओळखीचे डॉक्टर तिथे आहेत. घाई नाही, पण विचार कर. एकटा राहतोस, दिवसभर तळघरात बसतोस, आणि आता मेलेली माणसं दिसायला लागली. माझ्या जिवाला घोर लागणार नाही का?

आणि वरच्या जिन्यातला दिवा बदलून घे. कठड्याचा एक गज निखळला आहे तिथे, पडशील.

तुझी
ताई


१५ मार्च

ताई,

जिन्यातला दिवा मागच्या महिन्याच्या शेवटी गेला. गज त्याच आठवड्यात निखळला. मी तुला यातलं काहीही लिहिलेलं नाही, आणि तू वर्षभरात इकडे आलेली नाहीस. तुला कोणी सांगितलं?

संस्थेचा विचार केला. मला जायचं नाही. इथे माझं टेबल आहे, खोली आहे, आणि खोलीत कुठली वस्तू कुठे आहे ते अंधारातही माझ्या अंगाला माहीत आहे. नव्या जागेत मी वर्षभर दारांवर आपटत राहीन.

बाईंकडे जाऊन आलो. डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर लगेच पडलो. चेंडू झेलायला सांगितला, तो नाकावर झेलला. भोकांत खुंट्या बसवायच्या होत्या, त्यातल्या निम्म्या मी जमिनीवरून गोळा केल्या. मग त्यांनी माझ्या सांध्यासांध्यावर चकाकणारी बटणं चिकटवली आणि मला चालायला लावलं. पडद्यावर माणूस दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. ते चालायला लागले की त्यांचा माणूस होतो. बाई म्हणाल्या, ही लक्षणं एकतर असतात किंवा नसतात असं नाही, थोडी थोडी पुष्कळांत असतात. आणि जिथे ती जास्त, तिथे तोल आणि हात पुष्कळदा कच्चे, असं त्यांना दिसतं आहे. तसं का, ते त्यांना सांगता येत नाही. "सांगता येत नाही" असं मोठ्या खुर्चीतलं माणूस म्हणालं की मला बरं वाटतं.

आत्या पुन्हा आली, बुधवारी. समोरच्या दुकानाच्या छपराखाली बराच वेळ उभी होती, पावलं माझ्या खिडकीकडे करून. चवड्यांवर वर-खाली होत होती. पायांत पट्ट्याचे तपकिरी बूट होते, नवे. मेलेल्या माणसाला नवे बूट कोण आणून देतं? मी काच खाली ठेवली आणि जिना चढून रस्त्यावर आलो. मला जिना चढायला वेळ लागतो. छपराखाली कोणी उरलं नव्हतं.

तुझा
धडपड्या


२२ मार्च

प्रिय धडपड्या,

कामावर आहे, हॉटेलातल्या चादरी ठेवायच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. दार आतून लावून घेतलं आहे.

आता खरं सांगते. दिवा आणि गज मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तुझ्या मालकांचा फोन आला होता. ट्रे फुटल्यावर तू कितीतरी वेळ जागचा हलला नाहीस म्हणून ते घाबरले होते. मी आले, तुझ्या घरमालकिणीशी बोलले आणि तुला न भेटता परत गेले. भेटले असते तर का आलीस असं तू विचारलं असतंस, आणि तुझ्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. मग तुझं आत्याचं पत्र आलं, म्हणून पुन्हा आले. बुधवारी त्या छपराखाली मी उभी होते. तुझ्या खिडकीतला उजेड बघत होते. आणि अगदी गळ्याशपथ, तिथे माझ्याशिवाय चिटपाखरूही नव्हतं.

तू म्हणशील, मग बूट? माझे बूट तपकिरी आहेत. पण मी आत्यासारखी चालत नाही. लहानपणी चालायचे. तू जन्मलाही नव्हतास. आईने ती चाल मोडून काढली. रोज शाळेतून आले की घरातल्या बोळातून येरझारा, आधी टाच, मग चवडा, आणि चुकले की "आत्या व्हायचंय का तुला?" पुढे मी आपणहून शिकले. वर्गातल्या एका ऐटबाज मुलीची चाल उचलली, एका शिक्षिकेचं हसणं, मावशीचं हातवारे करत बोलणं. आज मी हॉटेलात नव्या पोरांना ट्रे कसा धरावा, पाहुण्यासमोर कसं उभं राहावं ते शिकवते. माझ्या हालचालीत कोणी खोट काढून दाखवावी.

म्हणजे तू पाहिलीस ती मी नव्हे. मग ती माझ्या मागे उभी होती का? तुझं पत्र आल्यापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे. हॉटेलात वरच्या मजल्यावर जाड गालिचाचा लांब बोळ आहे. तिथून एकटी जाताना मला पावलं जाणवतात, टाच न टेकवणारी. मी थांबले की थांबतात. काल सामानाच्या लिफ्टपाशी वाट बघत उभी होते, आसपास कोणी नव्हतं, आणि समोरच्या काचेत आत्या उभी होती. दचकून डोकं वर केलं तर मीच होते.

मला भीती वाटते रे. तुझी वाटते आणि आता माझीही. १ मेपासून ती जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. हट्ट करू नकोस.

तुझी
ताई


२७ मार्च

ताई,

छपराखाली तू होतीस. तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला आत्या दिसली. या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर एकच उत्तर उरतं, पण ते मी सांगितलं तर तू रागावशील.

म्हणून तू बाईंकडे ये. त्यांना नातेवाईकही तपासायचे आहेत. ठिपक्यांना चेहरा नसतो, वय नसतं, बूटही नसतात, तेव्हा भांडायला काही शिल्लक राहणार नाही. मी शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसेन. ठिपके आत्यासारखे चालले नाहीत, तर माझं डोकं ठिकाणावर नाही असं मी मान्य करीन आणि मे महिन्यात न कुरकुरता संस्थेत जाईन. तसे चालले, तर मला माझ्या खोलीत राहू द्यायचं.

कबूल असेल तर तसं लिही. नुसतं "बघू" लिहू नकोस.

तुझा
धडपड्या


३० मार्च

धडपड्या,

कबूल. पुढच्या शनिवारी येते. जेवण मी घेऊन येईन, तू गॅसपाशी जाऊ नकोस. आणि तिथे हरलास की तोंड पाडून बसायचं नाही.

ताई


१२ एप्रिल

ताई,

निघताना तू विचारलंस, "काय दिसलं?" मी म्हणालो, लिहून कळवतो. तू वाटभर एक शब्द बोलली नाहीस, त्यामुळे तुला अंदाज आला असावा. तरी लिहितो.

सुरुवातीला तू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतीस तेव्हा ठिपके इतके सुरेख चालत होते की बाई म्हणाल्या, "पुस्तकात छापावं असं चालणं आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच पडतंय. माणूस असं चालत नाही." मी ते नीट ऐकलंही नाही. आता खोली गेली, टेबल गेलं, असंच मनात येत होतं.

मग बाईंनी तुला सांगितलं, "झालं, आता बसा, पाणी घ्या." कॅमेरे त्यांनी बंद केले नव्हते. ठिपके जागच्या जागी जरासे थरथरले. खांदे खाली आले. डावा हात छातीपाशी वळला आणि बोटं हवेत काहीतरी चिवडल्यासारखी हलायला लागली. टाचा वर गेल्या. चालायच्या जाड चटईच्या कडेला ठिपके थांबले, पाय जुळले, आणि मग एक पाऊल खाली पडलं. बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "आत दुसरं कोण गेलं?"

मी म्हणालो, "आत्या."

मग मी दार उघडलं. आत तू एकटीच होतीस, पेला शोधत. तुझा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा होता. मला बघितलंस आणि तुझ्या टाचा खाली आल्या.

ताई, तुझ्या मागे कोणी येत नाही. कोणी बघत नसलं की तूच तशी चालतेस. बाई म्हणाल्या की ज्यांना ही लक्षणं असतात त्यांतली काही माणसं ती इतकी झाकतात की स्वतःलाही सापडत नाहीत, पण तुझ्याबद्दल त्या एवढ्यावरून काहीच सांगणार नाहीत. मला फार आनंद झाला. एकतर मी माझ्या खोलीत राहणार. आणि दुसरं म्हणजे, आपल्या घरात मी एकटा नव्हतो.

तुझा
धडपड्या


२१ एप्रिल

प्रिय धडपड्या,

जिंकलास. माझा भाऊ येणार नाही, असं संस्थेला कळवून टाकलं. तुझ्या खोलीचं नाव आता कोणी काढणार नाही.

माझं मात्र विचित्र झालं आहे. तुझं पत्र वाचल्यापासून मला माझी चाल जमत नाही. आधी टाच, असं मनात म्हटलं की पाय एकमेकांत अडकतात. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहते ती राहतेच. परवा नव्या पोरांना दाखवायला ट्रे उचलला आणि कपबशांचा चक्काचूर. पोरं हसली असती तर मी निभावून नेलं असतं. ती हसली नाहीत, एकमेकांकडे बघत राहिली. साहेबांनी काही दिवस घरी राहा म्हटलं.

आणि तुला म्हणून सांगते, माझी पाठ दुखायची थांबली. रोज संध्याकाळी ती मोडून यायची. मला वाटायचं, कामाचा शीण. हा शीण कसला होता ते आता कळतंय, आणि इतकी वर्षं तो उगाच वाहिला म्हणून रडू येतं.

रविवारी दुपारी बाहेरून आले, बूट काढले आणि सैल पायांनी आत गेले. आतल्या खोलीतून तुझे भावोजी म्हणाले, "कोण आहे?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मी कोण?" ही थट्टा नव्हती. ते बाहेर आले आणि माझ्या पायांकडे बघत उभे राहिले. "हे काय चालवलंयस?" म्हणाले. मी म्हटलं, "काही चालवलं नाही, चालते आहे." आमच्या घरात अशा कोटीवर हमखास हशा पिकतो. ते हसले नाहीत. जेवताना हळूच विचारलं, "संस्थेतली ती जागा रद्द केलीस?" म्हटलं, "केली की." म्हणाले, "असू दे, मी एक फोन करून बघतो."

त्यांचा स्वभाव वाईट नाही, तुला माहीत आहे. घाबरले आहेत. पण रात्रंदिवस माझ्या पायांवर नजर ठेवून बसलेल्या माणसासमोर वावरायचं कसं? मी शुक्रवारी तुझ्याकडे येते. थोडे दिवस राहू दे.

तुझी
ताई (आता जी काही आहे ती)


६ मे

ताई,

हे पत्र संस्थेच्या फाटकातून आत पाठवतो आहे.

त्या शुक्रवारी तू आली नाहीस, भावोजी आले. तुला विश्रांतीची गरज आहे, डॉक्टरांचंही तेच मत पडलं, असं ते म्हणाले. रडत होते. "ती स्वतःच्या पायांनी गेली," असंही म्हणाले. तेवढं मला खरं वाटलं. बाकीचं नाही. मी तुला पत्रं पाठवली, त्यांचं उत्तर आलं नाही, आणि तू उत्तर दिलं नाहीस असं कधी झालेलं नाही.

म्हणून आज मालकांना सांगून इकडे आलो. बस बदलताना पडलो, पण फार लागलं नाही. फाटकावर रखवालदार आहे, तो आत सोडत नाही. आत बागेच्या कडेने बायका फेऱ्या मारत होत्या, एका मागे एक, सगळ्यांचे करडे झगे सारखे, केस बारीक कापलेले. सगळ्या चवड्यांवर चालत होत्या. वाट वळते तिथे पहिली थांबली, तिने पाय जुळवले. मग दुसरीने, मग तिसरीने. कोणाच्या पावलाचा आवाज येत नव्हता. इतक्या आत्या मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या.

रखवालदाराने विचारलं, "यांतली तुमची कोणती?"

मला सांगता येईना. चालीवरून माणूस ओळखता आलं नाही, असं माझं पहिल्यांदाच झालं. तेवढ्यात रांगेतल्या एकीने मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मला बघूनही तिने टाचा खाली टेकवल्या नाहीत. तशीच उभी राहिली.

मी म्हटलं, "ती. ती माझी बहीण."

तो म्हणाला, "ज्यांनी आणलं त्यांनीच न्यायला यावं लागतं." मी संशोधक बाईंना फोन केला. मी फोनवर बोललो, ताई. त्या उद्या सकाळी येतात. भावोजींनाही केला, ते गप्प होते की श्वास घेत होते ते कळलं नाही, म्हणून "या" एवढंच म्हणून ठेवला.

हे पत्र फाटकाबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. रखवालदार आत नेऊन देतो म्हणाला. आत्याला न्यायला आपल्या घरातून कोणी आलं नव्हतं. मी आलो आहे, आणि तू बाहेर येईपर्यंत इथून उठणार नाही.

तुझा
धडपड्या